कॅरव्हॅनच्या छताचा झोल : कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर

कॅरव्हॅनच्या, म्हणजे या चाकांवरच्या फिरत्या घराच्या, छताला झोल आलाय हे आत शिरल्याबरोबर दिसतं, पण किती ते मोजल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही. दोन्ही भिंतींपाशी छतापासून बरोबर १०० मिमी खाली सूत ताणून बांधलं आणि सुतापासून छतापर्यंतचं अंतर दर ३० सेंमीवर घेतलं. मध्यभागी १०० च्या जागी ६२. म्हणजे ३८ मिमी खाली. सगळ्यात वाईट जागा छतावरच्या एसीच्या मागे.

मग पुढच्या टोकाला, जिथे छत अजून शाबूत आहे, तिथे तेच माप घेतलं. तिथे मध्य कडांपेक्षा १५ मिमी वर निघाला. छताला मुळात बाक होता, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावं म्हणून. त्यामुळे छत नुसतं सपाट करून भागणार नाही. एकूण उचलायचं आहे ५३ मिमी.

शिडीवरून पाहिलं तर पत्र्यावर वाळलेल्या मळाचं कडं दिसतं, डबकं कुठपर्यंत भरतं त्याची खूण. साधारण दीड मीटर लांब, एक मीटर रुंद. सरासरी १५ मिमी खोली धरली तरी २० लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे तितकेच किलो. शेजारी ३० किलोचा एसी. पाणी साचतं म्हणून छत दबतं, दबतं म्हणून आणखी साचतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपणहून थांबत नाही.

छतावर पाय ठेवलेला नाही. ठेवायचाही नाही. वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नाही आणि त्याखालचं लाकूड कुठवर शाबूत आहे हे अजून कळलेलं नाही.

१० नोव्हेंबर

पाणी कुठे मुरतंय ते शोधण्यात दिवस गेला. दोन सुयांचं ओल मोजायचं मीटर घेऊन भिंतींच्या वरच्या कडा, छताची खिडकी, एसीची चौकट, कोपरे असं सगळं फिरलो. प्रत्येक आकडा कागदी टेपवर लिहून तिथेच चिकटवला, म्हणजे नंतर वाळण्याशी ताळा घेता येईल. १५ टक्क्यांपर्यंत ठीक. २० च्या वर गेलं की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. एसीच्या मागे २८, आणि डाव्या भिंतीच्या वरच्या कडेला, बाहेरून ऑनिंगची (बाहेर ओढायच्या कापडी छपराची) पट्टी जाते तिथे, काटा टोकाला. मीटर दोन सुयांमधला विजेचा अडथळा मोजतं, त्यामुळे खाली स्क्रू किंवा चंदेरी फॉइल असली तर उगाच मोठा आकडा दाखवतं. शंका वाटली तिथे हातभर सरकून पुन्हा टोचलं.

ओल दिसते तिथूनच पाणी शिरलेलं असतं असं नाही. ते रीपेच्या कडेनं मीटरभर चालत जातं आणि मग कुठेतरी डाग पडतो. म्हणून दाबाची चाचणी केली. खिडक्या-दारं आणि खालची हवेची जाळीदार भोकं टेपनं बंद केली. गॅसची टाकी त्याआधीच उतरवून बाहेर ठेवली होती. एका खिडकीत ब्लोअर बसवून आत थोडा दाब केला आणि बाहेरून सगळ्या सांध्यांना ब्रशनं साबणाचं पाणी लावलं. ऑनिंगच्या पट्टीच्या स्क्रूंपाशी बारीक फेस फुगायला लागला, एसीच्या चौकटीच्या मागच्या कोपऱ्यातही. छताची खिडकी, जिच्यावर माझा पहिला संशय होता, ती निर्दोष सुटली.

झोल काढायचा म्हटलं की सगळे जण छत उचलायचं कसं हे विचारतात. उचलणं यातलं सोपं काम आहे. पाण्याची वाट बंद झाली नाही तर उचललेलं छत पुन्हा बसणार, आणि आतले थर एकमेकांना चिकटलेले नसतील तर कितीही लाकूड घाला, कडकपणा यायचा नाही.

१५ नोव्हेंबर

आतलं छत उतरवलं. आधी बाहेरची वीजजोडणी काढली. मग सोलर पॅनेल झाकून त्याची वायर कंट्रोलरपासून (पॅनेलची वीज बेतानं बॅटरीत भरणारा डबा) सोडवली आणि शेवटी बॅटरी. क्रम हाच. आधी बॅटरी काढली तर बरेच कंट्रोलर पॅनेलच्या विजेचा दाब एकट्यानं सोसत बसतात आणि बिघडतात. छतातल्या दिव्यांच्या वायरींवर खुणेचे कागद गुंडाळले, जागच्या जागी फोटो काढले. एसी खाली घ्यायला दोघं जण आणि दोन शिड्या लागल्या. छतातल्या त्या ४० सेंमीच्या चौकोनी भोकावर तात्पुरती ताडपत्री टाकली.

कडेच्या प्लास्टिक पट्ट्या निघाल्या तसं ३ मिमीचं प्लायवूड जवळजवळ हातातच आलं. वरून गुळगुळीत, पांढरा थर अगदी नव्यासारखा. मागे उलटवलं तर लाकडाचे पापुद्रे सुटलेले, बोटांनी पानं उलटावीत तसे वेगळे होत होते. प्रत्येक स्टेपलभोवती नाण्याएवढं गंजाचं वर्तुळ. स्टेपल कुठलाच तुटलेला नव्हता. त्याच्याभोवतीचं लाकूडच नाहीसं झालं होतं.

वर थर्माकोल. त्यावर पाण्याच्या वाटेचा काळा माग स्वच्छ उमटलाय, डाव्या भिंतीपासून तिरका एसीकडे. जे साबणाच्या फेसानं सांगितलं तेच इथे लिहिलेलं. थर्माकोल स्वतः कुजत नाही, पण सांध्यात पाणी धरून ठेवतो. ओले तुकडे फेकले. कोरडे, कडक तुकडे नंबर घालून ठेवलेत, पुन्हा वापरायचेत.

आडव्या फासळ्या सात. लाकडी रीपा, साधारण ४५ सेंमीच्या अंतरानं. तीन ठणठणीत. बाकी चारांची डाव्या भिंतीकडची टोकं गेलीत. एका टोकात पटाशी सहज, हाताच्या जोरानं चार बोटं आत गेली. भिंतीच्या माथ्यावरची आडवी पट्टीही दीड मीटरभर मऊ झालीय. टोचून पाहताना दिसणाऱ्या कुजीपाशी थांबायचं नसतं. तिथून फूटभर पुढे, जिथे पटाशीला टणक आवाज येतो आणि चिरफळी लांब, धारदार निघते, तिथपर्यंत गेलो आणि पेन्सिलनं रेघ मारली.

कुजलेल्या लाकडात ओतायचं द्रव्य मिळतं, ते मुरून लाकूड टणक होतं म्हणतात. दाराच्या चौकटीचा एखादा कोपरा असेल तर ठीक. भार घेणाऱ्या फासळीला तो इलाज नाही. वरून कवच धरतं, पण गेलेली ताकद परत येत नाही.

१६ नोव्हेंबर

कुजकं सगळं कापून काढलं. धूळ भयंकर. बुरशीची आहे, मास्क लावूनच काम.

३० नोव्हेंबर

वाळवण चालू होतं, म्हणून मध्ये नोंद नाही. ओल काढायचं यंत्र रात्रंदिवस, दारं-खिडक्या बंद. हीटरनं घाई करण्यात अर्थ नाही. गरम हवेत ओल नुसती उठते आणि रात्री थंड पत्र्याला पुन्हा पाणी सुटतं. कोरड्या दिवशी दुपारी मात्र सगळं सताड उघडं ठेवलं, पंखा लावून.

आज टेपवरच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहिले. २८ चे १६ झालेत. भिंतीची पट्टी, म्हणजे तिचा राहिलेला भाग, १७. उघड्या लाकडाला बोरॉनचं औषध ब्रशनं मारलं. ते पाण्यातून आत मुरतं, त्यामुळे पुन्हा एक-दोन दिवस सुकायला द्यावे लागतील.

३ डिसेंबर

उचलायचा दिवस. ओळखीतले सुतारकाका मदतीला आले.

चाकांना अडणी लावली, कोपऱ्यांचे चारही पाय खाली घेतले. हे पाय कॅरव्हॅन डुलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नसतात. टेकूचा भार जमिनीच्या पातळ प्लायवूडवर आला तर वर छत उचलण्याऐवजी खाली जमीन दबेल. म्हणून टेकूखाली जाड फळी अशी टाकली की तिची दोन्ही टोकं चॅसीच्या लोखंडावर येतील, आणि चॅसीला बाहेरून स्टँड दिले. वर एक लांब तुळई, चार फासळ्यांच्या मध्याला आडवी लागेल अशी, माथ्यावर फोमची पट्टी. तुळईखाली दोन टेकू, टेकूंखाली बाटली जॅक.

जॅक एका वेळी ५ मिमी. दोन्हीकडे सारखं. मग तुळईखाली लाकडी पाचर ठोकून भार पाचरीवर घ्यायचा, कारण हायड्रॉलिक जॅक रात्रभरात हळूच खाली बसू शकतो. फुटपट्टी सुताला लावूनच ठेवली होती.

वीस मिलिमीटर झाल्यावर मला वाटलं आता सरळ चाललंय, घेऊ या भराभर.

“काका, अजून एक फेरा देऊ?”

“थांब रे. लाकडाला दम खाऊ दे. घाई तुला आहे, त्याला नाही.”

थांबलो. काही वेळानं वरून टक्क असा आवाज आला. एसीच्या चौकटीपाशी पत्र्याला जुनी घडी पडली होती ती सुटली. तेवढ्यात आणखी ५ मिमी दिलं असतं तर स्क्रूंनी पत्रा फाडला असता, असं काकांचं म्हणणं. मला पटलं.

५ डिसेंबर

सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं करत छत ५७ मिमी वर आलं. हवं होतं त्याहून ४ जास्त. टेकू काढल्यावर थोडं खाली येणारच, त्याची सोय. पत्रा इतकी वर्षं खाली ताणला गेला होता, त्यामुळे मध्यभागी अजून थोडा सैल आहे, बोटानं दाबलं की डबडब वाजतो. आतून फासळ्या आणि थर्माकोल त्याला चिकटले की तो आवाज जायला हवा.

७ डिसेंबर

नव्या फासळ्या. माझ्या मते अख्ख्या कामाचं मर्म इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

छताच्या पोकळीची जाडी ३० मिमी. त्याहून उंच फासळी बसत नाही. सरळ रीप घालून ती वाकवली तर ती कायम सरळ व्हायला बघणार. म्हणून ६ मिमी प्लायवूडच्या पाच पट्ट्या, ४० मिमी रुंद, एकावर एक चिकटवून बाकदार फासळी केली. पट्ट्या कापताना वरच्या थराचे रेषे लांबीच्या दिशेनं राहतील असं पाहिलं. पाच सुट्ट्या पट्ट्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या तर त्यांचा कडकपणा एका पट्टीच्या पाचपट होतो. त्याच पाच पक्क्या चिकटवल्या तर १२५ पट, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. लाकूड तेवढंच, फरक फक्त गोंदाचा. छत बसलं त्याचं कारणही हेच, उलट दिशेनं. पत्रा, थर्माकोल आणि प्लायवूड चिकटलेले होते तोवर ती एक जाड फळी होती. ओलीनं गोंद सुटला आणि तीन पातळ, स्वतंत्र वस्तू उरल्या.

साच्यासाठी एका सपाट जाड फळीवर लाकडी ठोकळे स्क्रू केले. मध्याला उंची १८ मिमी, मध्य आणि टोक यांच्या बरोबर निम्म्यात साडेतेरा, म्हणजे पाऊणपट, टोकाला शून्य. हवा होता १५ चा बाक, पण साच्यातून काढल्यावर फासळी थोडी परत सरळ होते. साच्यावर मेणकागद, नाहीतर फासळीबरोबर साचाही चिकटून येतो.

गोंद पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. तो हवेतल्या ओलाव्यानं आवळतो, म्हणून एका बाजूला फडक्यानं किंचित दमट करून दुसऱ्या बाजूला गोंद. फुगून बाहेर येतो तो फेस म्हणजे ताकद नव्हे. ताकद शिकंज्याच्या दाबातून येते. दर १५ सेंमीला एक क्लॅम्प. हातमोजे घालावेच, या गोंदाचे डाग कातडी झडेपर्यंत जात नाहीत.

साच्यातून निघालेल्या पहिल्या फासळीचा बाक १६ मिमी. काकांनी तिची दोन टोकं दोन विटांवर ठेवली आणि मध्यावर उभे राहिले. मग नुसतेच माझ्याकडे बघून उतरले.

१४ डिसेंबर

भिंतीच्या माथ्याची पट्टी जोडली. आखूड सांधा इथे चालत नाही, टोकाला टोक लावून चिकटवलेलं लाकूड सांध्यातच सुटतं. उतरता सांधा, जाडीच्या आठपट लांब. पट्टी २५ मिमी जाड, म्हणून सांधा २०० मिमीचा. दोन्ही तुकडे एकत्र धरून रंधा मारला, म्हणजे उतार सारखा येतो.

चार नव्या फासळ्या जुन्यांच्या कुशीत. जुन्यांचा शाबूत भाग काढला नाही, पत्र्याला तो अजून पक्का चिकटलाय, त्यालाच नवी फासळी गोंद आणि स्क्रूनं जोडली. जुन्याची कुजकी टोकं जिथे कापली तिथे आता भार नवीच्या टोकावरून भिंतीवर जातो. एसीच्या भोकाभोवती चारही बाजूंना दुहेरी चौकट केली. मूळ बनावटीत तिथे एकेरी रीप होती, आणि तीही भोकाच्या दोनच बाजूंना. कॅरव्हॅन चालताना खड्ड्यातून उसळते तेव्हा तो ३० किलोचा एसी त्या दोन रीपांवर आपटत होता.

१५ डिसेंबर

वायरी नव्या नळीतून ओढल्या. एका दिव्याची जागा बदलली.

२० डिसेंबर

थर्माकोल आणि आतलं छत. इथे गोंद निवडताना सांभाळावं लागतं. डब्यातला वासाचा, पातळ रबरी गोंद थर्माकोलला अक्षरशः खातो, बघता बघता खळगे पडतात. पीयू काही करत नाही. पत्र्याची आतली बाजू खरवडून, पुसून, हलका सँडपेपर मारून घेतली. थर्माकोल पोकळीत घट्ट बसेल असाच कापला. फट राहिली तर तिथे पुढे बाष्प जमणार.

नवं ३ मिमी प्लायवूड आधी कोरडंच लावून बघितलं, दिव्यांची भोकं पाडली, मगच गोंद. दोघांनी डोक्यावर धरून चढवायचं, एका भिंतीपासून सुरुवात करून दुसरीकडे दाबत जायचं. खालून फोम लावलेल्या फळ्या आणि टी आकाराचे टेकू, जितके होते तितके सगळे लावले. आत माणसाला उभं राहायला जागा उरली नाही. दार लावून निघालो, चोवीस तास हात लावायचा नाही.

२२ डिसेंबर

सगळे टेकू काढले. मध्य १४ मिमी वर स्थिरावलाय. तळहातानं छतावर थाप मारली की आता घट्ट, बोदा आवाज येतो, डबडब नाही.

२७ डिसेंबर

बाहेरचं काम. ऑनिंगची पट्टी पूर्ण काढली. आधीच्या कुणीतरी गळती दिसली तिथे वरून सिलिकॉन फासलेलं, त्यावर पुन्हा सिलिकॉन. हे थर काढण्यातच बहुतेक वेळ गेला. सिलिकॉनचा पातळ अंश जरी राहिला तरी त्यावर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲल्युमिनियमला खातं. पत्र्यावर पांढरी पूड साचलेली होती ती त्याचीच. प्लास्टिकच्या पातीनंच खरवडायचं, लोखंडी पातीनं पत्र्याला ओरखडे पडतात. शेवटी स्पिरिटनं पुसलं. छताच्या खिडकीला मात्र स्पिरिट लावलं नाही, ॲक्रिलिकला त्यानं बारीक तडे जातात. तिला साबणपाणी पुरे.

पट्टीखाली न वाळणारी ब्यूटाइल (चिकट, मऊ रबरी) टेप. सांधा कायम मऊ राहिला पाहिजे, त्याचा हिशेब साधा आहे. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०२३ मिमी वाढतं. ६ मीटर लांबीचं छत आणि रात्र-दुपारमधला पत्र्याच्या तापमानाचा ४० अंशांचा फरक धरला तर साडेपाच मिलिमीटर. खालचं लाकूड त्या मानानं जवळजवळ जागेवरच असतं. कडक झालेला कुठलाही मसाला इतकी ओढाताण सहन करत नाही.

स्क्रू नवे, स्टेनलेसचे. ॲल्युमिनियमशी त्यांची थेट गाठ पडून ओलीत गंज धरू नये म्हणून प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट लावूनच पिळले. जुनी भोकं मोठी झाली होती, ती गोंदात बुडवलेल्या लाकडी खुंट्यांनी बुजवून नवी भोकं पाडली. स्क्रू मधून कडेकडे, थोडे थोडे. टेप दोन्ही बाजूंनी सारखी बाहेर आली की थांबायचं. बाहेर आलेली कड लगेच कापली नाही. ती अजून काही दिवस दाबली जाते, मग स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे आणि तेव्हाच कापायची.

३ जानेवारी

स्क्रू आवळले, टेपची कड कापली, वरून सीलंटची बारीक रेघ ओढली.

पाण्याची चाचणी. नळी खालून सुरू करून वर न्यायची, एका सांध्यावर दहा मिनिटं, आत एक जण टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि गळती कुठली हे कळत नाही. जोराच्या फवाऱ्यानं धुवायचं यंत्र मुद्दाम टाळलं. त्याच्या दाबानं चांगल्या सांध्यातही पाणी घुसतं, पावसात ते कधी घुसलं नसतं. छतावर दोन बादल्या ओतल्या. पाणी मध्यावर थांबलं नाही, दोन्ही कडांना जाऊन पन्हळीतून उतरलं. आत कोरडं.

१८ जानेवारी

पाऊस झाला, दोन दिवस. मीटरचे आकडे : जुन्या २८ च्या जागी १३, भिंतीच्या माथ्याला १४. सुतावर मोजलं, मध्य अजून १४ मिमी वर, हललेला नाही.

एसी परत वर चढवणार नाही. दुहेरी चौकट त्याचं वजन पेलेल, तो प्रश्न नाही. पण उंचावरचं वजन आणि भोकाभोवतीचा सांधा हे दोन्ही मला नको आहेत. त्या भोकावर हलकी, उघडणारी खिडकी बसवली, पुन्हा ब्यूटाइलवर, बोल्ट फक्त हातानं आवळता येतील तितकेच. एसी हवाच असला तर आसनाखाली बसणारा घेता येईल. उभी करताना नाक किंचित खाली ठेवायचं आणि सांधे वर्षातून एकदा मीटरनं तपासायचे. टेपवर लिहिलेले आकडे वहीत उतरवून घेतलेत, त्याच जागांवर टोचून बघायला.